अवघड की धोक्याचं?

माझा भाऊ आणि माझी मुलगी दोघंही कातळ चढणारी. भावाचा कातळ सह्याद्रीचा, १९८० च्या दशकातला: नागफणी, ढाक, तैलबैला, जीवधनचा वानरलिंगी. मुलीचा कर्नाटकातला आणि आजचा: तुरहळ्ळीचे धोंडे, सावनदुर्ग, बदामी. दादा पुण्याहून बंगळुरूच्या जे. पी. नगरला आमच्याकडे राहायला आला की हा विषय निघतो आणि रात्री ताटं वाळेपर्यंत चालतो. मला वाटायचं, आता हा साठी ओलांडलेला माणूस माझ्या मुलीला जरा आवरेल. घडलं भलतंच. त्याच्या मते ती फार जपून चढते.

"तुम्ही लोक पडायला घाबरतच नाही," दादा म्हणाला. "बदामीला जायचं, एका जागी चार दिवस पडत राहायचं, दोर धरतोच आहे. याला हद्द ओलांडणं कसं म्हणायचं? आमच्यात एकच कायदा होता. लीडर, म्हणजे पुढे चढणारा, पडता कामा नये."

"त्या कायद्यानेच तुमची हद्द जागच्या जागी राहिली, मामा. पडायचंच नाही म्हटल्यावर माणूस जे नक्की जमेल तेवढंच चढणार. जे जमत नाही ते शिकायचं कधी?"

"हौसेचा कायदा नव्हता तो. कमरेला पट्टी गुंडाळलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हिमालयातला कोर्स करून आलेल्या कुणीतरी आणलेले, भेगेत ठोकायचे चार पिटॉन. बोल्ट मारायचा तर एका हाताने लटकून हातोडीने भोक पाडायचं. अर्धा अर्धा तास जायचा. ते काम मध्येच सोडून खाली आलेला माणूस मी पाहिलाय, खांदा गेला होता त्याचा. अशा बोल्टवर मुद्दाम पडून बघणार कोण?"

"तेच म्हणतेय मी. तुमचं सामान पडण्यासाठी नव्हतं. माझं आहे."

मग तिने दोराचं गणित सांगितलं. मी ते पहिल्यांदाच नीट ऐकलं, आणि इतकी वर्षं का नाही विचारलं असं वाटलं. चढाईचा दोर ताणला जातो, आणि त्या ताणातच पडण्याचा हिसका जिरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एकेरी दोराच्या चाचणीत ८० किलोचं वजन जवळजवळ सर्वांत वाईट पद्धतीने पुन्हा पुन्हा पाडतात. दोराने अशी किमान ५ पडणी सोसली पाहिजेत, आणि पहिल्या पडणीचा हिसका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे ढोबळपणे १२०० किलोंच्या भाराच्या, वर जाता कामा नये. पण खरी गोम किती फूट पडलात यात नाही. पडण्याचं अंतर आणि बाहेर सोडलेला दोर यांच्या प्रमाणात ती आहे. बिले देणाऱ्यापासून, म्हणजे दोर धरून बसलेल्या साथीदारापासून, १० फूट वर गेलात, मध्ये एकही क्लिप नाही, आणि त्याच्याही खाली १० फूट गेलात, तर प्रमाण दोनाचं. याहून वाईट काही नाही. तेच १०० फूट दोर बाहेर असताना २० फूट पडलात तर हिसका अगदी सौम्य बसतो. ऐकणाऱ्याला उंची भीतीदायक वाटते. दोराच्या हिशेबात सुरुवातीचे काही फूटच जास्त वाईट.

"हे आम्हालाही कळत होतं," दादा म्हणाला. "आकडे माहीत नव्हते, पण पहिला पिटॉन लवकर ठोका हे कळत होतं. मला सांग, पडणं एवढं निर्धोक झालं, तर मग उरलं काय?"

"अवघडपणा उरला. शुद्ध अवघडपणा."

इथून दोघांच्या वाटा फुटतात, आणि माझ्या मते सगळा वाद या एका फाट्याचा आहे. दादाला हद्द म्हणजे धोका: कातळ तुमचं काय करू शकतो. मुलीला हद्द म्हणजे अवघडपणा: तुम्ही कातळावर काय करू शकता. बाहेरून बघणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्ही एकच दिसतं, कारण दोन्हीकडे माणूस भिंतीला चिकटलेला असतो.

तिने वोल्फगांग ग्युलिखचं नाव काढलं. १९९१ मध्ये या जर्मन माणसाने फ्रँकनयुरामधल्या एका लहानशा, पुढे झुकलेल्या कातळावर 'अॅक्शन डायरेक्ट' नावाचा मार्ग चढला. अवघडपणाच्या फ्रेंच प्रतवारीत जगातला पहिला ९ए म्हणून तो सहसा ओळखला जातो. बोटाचं एखादं पेर मावेल एवढ्या भोकांवरून झेपा घ्यायच्या होत्या. त्यासाठी त्याने फळीवर लाकडी पट्ट्या ठोकून, पाय न टेकता फक्त बोटांवर वर जायचा सराव उभा केला. तशा फळ्या आज जगभरच्या क्लाइंबिंग हॉलमध्ये आहेत. "म्हणजे हद्द आधी लाकडावर सरकली, मग दगडावर," ती म्हणाली. "आणि तो गेला पुढच्याच वर्षी, मोटार अपघातात. कातळाने त्याला काही केलं नाही."

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या अॅडम ओंड्राने नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत 'सायलेन्स' पूर्ण केला. प्रतवारीतला पहिला ९सी. छताला उलटं लटकून, गुडघा कपारीत अडकवून, हात मोकळे करायचे अशा जागा त्यात आहेत. त्या हालचालींसाठी त्याने फिजिओथेरपिस्टबरोबर काम केलं, जमिनीवर पडून डोळे मिटून एकेक हालचाल मनात घोटवली. "आणि पडला असता तर?" मी विचारलं. "तर दोरावर झुलला असता आणि खाली येऊन पाणी प्यायला असता. पडतच होता ना तो, आई. आधीच्या मोसमांत पडण्याशिवाय दुसरं काय केलं त्याने?"

दादाला हे पटत नव्हतं असं नाही. पण त्याला ते अपुरं वाटत होतं. "त्याच वर्षी अॅलेक्स हॉनल्डने दोराशिवाय एल कॅपिटन चढला. ३ जून २०१७. जवळजवळ ३००० फुटांची भिंत, चार तासांच्या आत. त्या माणसाचं नाव रिक्षावाल्यालाही माहीत असेल. तुझ्या ओंड्राचं कुणाला माहीत आहे?"

"हाच तर त्रास आहे मामा! हॉनल्डने जो मार्ग चढला, त्यातली सर्वांत अवघड जागा फ्रेंच प्रतवारीत साधारण ७सी प्लस. आपल्या बदामीतला 'गणेशा' ८बी प्लस आहे. चार पायऱ्या वर. तांबड्या वालुकाश्मावर चालुक्यांच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर त्याहून अवघड चढाई होते. पुण्याच्या तुहिन सातारकरने, अजीज शेखने त्या बदामीत आपली बोटं झिजवली. त्यांच्यावर किती लोकांनी सिनेमा पाहिला? पडलं तर मरेल हे लोकांना दिसतं. हा होल्ड अर्ध्या पेराचा आहे हे दिसत नाही. म्हणून टाळ्या धोक्याला मिळतात."

मला हे वाक्य लागलं. कारण मीही तो हॉनल्डचा माहितीपट तळहाताला घाम फुटेपर्यंत पाहिला होता, आणि २०१९ चं ऑस्कर त्याला मिळालं तेव्हा योग्यच झालं म्हणाले होते. मुलीच्या बदामीच्या चित्रफिती मात्र अर्ध्यावर सोडल्या होत्या. त्यांत काही 'घडत' नव्हतं.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू एक गोष्ट गाळलीस. २०१६ च्या शरदात हॉनल्ड आधी एकदा निघाला होता. कॅमेरे लागले होते, सगळे टांगून बसले होते, आणि हा खालच्या स्लॅबवरून परत फिरला. पायाचा भरवसा वाटेना. मला तो माणूस आवडतो तो या परतण्यासाठी."

"मलाही," ती म्हणाली. आणि लगेच, "ती स्लॅब कशी आहे माहीत आहे? सावनदुर्गसारखी. धरायला काहीच नाही, फक्त तळव्याचं घर्षण. ताकद असून उपयोग नाही. दोर असला तर मी तिथे पडते, सालटं निघतात, उठते. दोर नसेल तर पाय थरथरला की संपलं."

मग तिने चित्रदुर्गाच्या ज्योतिराजची गोष्ट काढली. इकडे त्याला कोतिराज म्हणतात. दादाने ती ऐकली नव्हती. किल्ल्याच्या भिंतींवर दोराशिवाय सरसर चढणारा हा माणूस पर्यटकांच्या मोबाइलमध्ये घरोघर पोचला आहे. २०१८ मध्ये जोगच्या धबधब्यात एका मृतदेहाच्या शोधासाठी उतरला आणि रात्रभर बेपत्ता झाला. दुसऱ्या दिवशी जिवंत सापडला. "त्याच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे," मुलगी म्हणाली. "पण तुरहळ्ळीला दर रविवारी दोन-तीन पोरं असतात, चपला काढून वर चढलेली, खालून मित्र शूटिंग करतोय. त्यांना वर जाता येतं. उतरता येत नाही. मग आम्ही क्रॅश पॅडच्या गाद्या उचलून त्यांच्याखाली पळतो."

आमच्या घरातून कनकपुरा रस्त्याने तुरहळ्ळी जवळ आहे. शहराला लागून राहिलेल्या जंगलाच्या तुकड्यातले ते ग्रॅनाइटी धोंडे. बंगळुरूच्या कितीतरी चढणाऱ्यांची बोटं तिथे घट्ट झाली. मी तिथे गेलेली आहे. खडक खरखरीत, उन्हात तापलेला, आणि वर गेलेल्या मुलाचा चेहरा खाली वाकून बघताना कसा बदलतो तेही पाहिलेलं आहे. त्यामुळे या मुद्द्यावर मी पूर्णपणे मुलीच्या बाजूला आहे, आणि ते लपवण्याचं कारण नाही.

पण दादाच्या हातात एक गोष्ट होती जिला तिच्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तो अरुण सावंतांबद्दल बोलला. सह्याद्रीत ज्यांनी आयुष्य घालवलं, किती कड्यांवर पहिला दोर ज्यांनी टाकला, ज्यांच्यामुळे सांदण दरी लोकांना कळली, ते अरुण सावंत १८ जानेवारी २०२० ला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत कड्यावरून पडून गेले. साठ वर्षांचे होते.

"त्यांना येत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे?" दादाचा आवाज जड झाला होता. "कोकणकडा बघितलास कधी? आत वळलेली वाटी आहे ती. काठावर उभं राहिलं की पायाखालचा कडा दिसतच नाही, सरळ कोकण दिसतं. मला सांग, तुझी प्रतवारी त्या काठावर काय कामाची? तो उतार ८बी नाही, ५ सुद्धा नाही. तिथे लागतं ते वेगळंच. अँकर कुठे घ्यायचा, काठापर्यंत जाताना स्वतःला कशात अडकवायचं, मागे तीस माणसं आहेत त्यांतलं कोण दमलंय, ऊन कधी उतरणार. तुमच्या हॉलमध्ये पोरगं सहा-आठ महिन्यांत सातव्या प्रतीचं चढायला लागतं. छान आहे. त्याला झाडाभोवती अँकर बांधायला सांग."

"नाही येत," ती म्हणाली. "खरं आहे. मला स्वतःला उशिरा आलं."

तिने ब्रॅड गोब्राइटचं उदाहरण दिलं. दोराशिवाय चढण्यासाठी नावाजलेला अमेरिकी चढणारा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिकोमध्ये त्याचा मृत्यू झाला. दोराशिवाय चढताना नाही, साथीदाराबरोबर दोरावरून उतरताना. दोराची टोकं सारखी नव्हती आणि टोकांना गाठी नव्हत्या. त्याच्या बाजूचा दोर संपला. "दोन गाठी, मामा. दोन मिनिटांचं काम. त्याच्या दोराशिवायच्या चढायांवर एवढं लिहिलं-बोललं गेलं, आणि जीव गेला गाठ न मारल्याने. आम्ही नव्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगतो."

"सांगता. पण शिकवलं जातं ते बोटांची ताकद."

याला ती काही बोलली नाही. मला वाटतं, दादाचं हे म्हणणं आजच्या चढाईबद्दलचं सर्वांत गंभीर म्हणणं आहे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये गिरिविहार संस्थेच्या लोकांनी बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला, टोकियोत चढाई ऑलिंपिकमध्ये आली, शहरोशहरी भिंती उभ्या राहिल्या. शरीर आता समजुतीच्या पुढे धावतं. पूर्वी उलट होतं. वर्षभर दोर वाहायचा, लीडरच्या मागे सेकंड म्हणून जायचं, मग कधीतरी लीड मिळायचं. तोवर डोळे तयार झालेले असायचे.

त्यात कातळाचाही हात आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. थरांच्या मध्ये भुसभुशीत माती, गवताचे झुबके, घसारा. होल्ड धरण्याआधी त्यावर बुक्की मारून आवाज ऐकायचा, पोकळ आला तर सोडून द्यायचा, हे दादाच्या हाताला इतकं भिनलंय की आमच्या गच्चीच्या कठड्यावरही तो तसाच ठोकून बघतो. रामनगर-सावनदुर्गचा ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांचा, एकसंध, सलग. तो फसवत नाही. त्यामुळे इथे वाढलेल्या मुलांना कातळावर संशय घ्यायची सवय लागत नाही. मुलगी पहिल्यांदा ढाकला गेली तेव्हा तिच्या हातात होल्ड निघून आला होता. ते तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.

"आणि पडल्यावर उचलणार कोण, हा हिशेब तुमच्या प्रतवारीत कुठे आहे?" दादाने पुढे रेटलं. "लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची मुलं रात्री-अपरात्री, पावसात, पदरमोड करून दरीत उतरतात. कुणाच्या तरी हौसेसाठी."

"नंदी हिल्सला २०२२ च्या फेब्रुवारीत एक मुलगा घसरला, त्याला काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. तो चढणारा नव्हता, फिरायला गेलेला होता. पण तुझं बरोबर आहे. म्हणूनच म्हणते ना, पडणं आमच्या हिशेबात आधीच धरलेलं असतं. ज्याने पडणं धरलेलंच नाही त्याला दुसऱ्यांनी उचलावं लागतं."

काही हद्दी मात्र दोघंही निमूट मानतात. रामनगरच्या रामदेवरबेट्टावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. २०१२ मध्ये ते गिधाड अभयारण्य झालं. 'शोले'च्या त्या कातळांवर आता मनाला येईल तिथे चढता येत नाही. मुलीला तिथल्या एका भेगेची ओढ आहे आणि ती तिच्या वाटेला जात नाही. दादा म्हणाला, गिधाडं आधीची. विषय तिथे मिटला.

ती एका माणसाबद्दल फार आदराने बोलते: बंगळुरूचा मणिकंदन कुमार. पोलिओने एक पाय गेलेला, आणि पॅराक्लाइंबिंगमध्ये जागतिक सुवर्ण मिळवलेला. "त्याला बघितल्यापासून मी प्रतवारीचा आकडा कुणाच्या तोंडावर फेकत नाही," ती म्हणाली. "हद्द ज्याची त्याने सरकवायची असते. पण सरकली का हे त्याला स्वतःला कळायला हवं, आणि ते कळायला परत परत पडता यायला हवं."

माझी खात्री झाली होती की आता दोघं कुठे उभे आहेत ते कळलं: हा धोक्याचा, ती अवघडपणाची. तेवढ्यात सावनदुर्गच्या बोल्टांचा विषय निघाला आणि दोघांनी जागा बदलल्या.

सावनदुर्गच्या जुन्या मार्गांवर बोल्ट फार दूर दूर आहेत. दोन बोल्टांच्या मध्ये गेलात आणि पाय सुटला तर खरखरीत कातळावरून बरंच खाली घसरत यावं लागतं. दादा म्हणाला, "मध्ये एकेक मारून टाका. ड्रिल आहे आता, पाच मिनिटांचं काम."

"नाही," ती म्हणाली. इतकी ठाम मी तिला क्वचित पाहिली आहे. "ज्यांनी तो मार्ग पहिल्यांदा केला त्यांनी तेवढ्यात केला. जुना बोल्ट गंजला असेल तर त्याच जागी नवा घालू. मध्ये घालणार नाही."

"का? तासभर मला पढवत होतीस, धोक्याला टाळ्या नकोत, पडता आलं पाहिजे. मग?"

"कारण तिथला अवघडपणाच तो आहे. होल्ड नाहीत, ताकद लागत नाही, फक्त खालचा बोल्ट विसरून पुढचं पाऊल ठेवायचं. मध्ये बोल्ट आला की तो मार्ग उरतच नाही."

"हेच मी म्हणत होतो!"

"नाही. तू म्हणत होतास की भीती हीच हद्द. मी म्हणतेय, काही मार्गांवर डोकं शांत ठेवणं हे कौशल्य आहे, बोटांसारखंच, आणि तेही हळूहळू वाढवता येतं. मी आधी कमी अंतराचे मार्ग केले. मग तिथे गेले. एकदा परतही आले."

दादा म्हणाला, "मी कोकणातल्या एका सुळक्यावर एका मित्राला असं घसरताना पाहिलंय. बोल्टपर्यंत पाच फूट राहिले होते. माणूस वाचला, गुडघा नाही. तेव्हापासून मला वाटतं, ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याने मागच्या माणसाचा विचार करावा. पहिला चढणारा कसा होता याच्याशी मागच्याला काय घेणं? त्याला त्या दिवशी घरी जायचंय."

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं: बोल्ट मारा. आईने दुसरं काय सांगावं? पण मुलीने विचारलं, "मी तिथे जाणार नसते तरी तू हेच म्हणाली असतीस?" मी खरं ते सांगितलं, की नसते म्हणाले. त्या मार्गाला तसंच राहू दिलं असतं.

शेवटी ठरलं ते एवढंच. तिच्या गटाला मागडीच्या बाजूला एक नवा मार्ग करायचा आहे. त्यात पहिले तीन बोल्ट जवळ जवळ येतील, कारण दोराचं गणित तिथेच सर्वांत वाईट आहे. वरचे किती अंतरावर, यावर दोघं अजून कागद घेऊन बसली आहेत. दादाने परतीचं तिकीट पुढे ढकललंय.